यंत्राचे झाकण उघडण्याचा अधिकार

ओळखपत्र, आधारपत्र, गुणपत्रिका, एखादे जुने छायाचित्र असे जे कागद आपल्या घरांत जपून ठेवायचे असतात, ते कधी ना कधी झेरॉक्सच्या दुकानातील एका लहानशा यंत्रातून गेलेले असतात. एका बाजूने कागद आत जातो आणि दुसऱ्या बाजूने प्लॅस्टिकच्या आवरणात बंद होऊन बाहेर येतो. लॅमिनेशनचे हे यंत्र आता शाळांच्या कार्यालयांतही असते. त्याच्या आत काय आहे, हे सहसा कोणी विचारीत नाही. याच यंत्राविषयी येथे चार विचार मांडावयाचे आहेत. त्यात थोडा फेरफार केला, तर घरच्या घरी इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड तयार करण्यासाठी ते वापरता येते. हा फेरफार आणि त्यामागील शास्त्र आपल्या निवासी शाळेतील विद्यार्थ्यांना रीतसर शिकविले जावे, असे माझे मत आहे.

स्मरणिकेत हा विषय कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. स्मरणिका मागे वळून पाहण्यासाठी असते, हे खरे. परंतु माजी विद्यार्थी, पालक आणि समाजातील हितचिंतक हे सारे एकाच वेळी वाचतात, असे शाळेचे दुसरे पुस्तक नसते. शाळेने यापुढे काय शिकवावे, हा प्रश्न मांडण्यास म्हणूनच हीच जागा योग्य आहे.

प्रथम सर्किट बोर्ड म्हणजे काय, ते पाहू. मोबाइल, दूरचित्रवाणी संच, एलईडीचा दिवा यांपैकी काहीही उघडले, की आत हिरव्या किंवा तपकिरी रंगाची एक पातळ पाटी दिसते. तिच्यावर तांब्याच्या बारीक वाटा असतात आणि त्या वाटांवर निरनिराळे सुटे भाग डाख देऊन बसविलेले असतात. पूर्वी हे भाग तारांनी एकमेकांस जोडीत. तारांचे जंजाळ होई, जोडणी चुके, वेळ फार लागे. तारांची जागा या छापील पाटीने घेतली आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू सामान्य माणसाच्या खिशाला परवडू लागल्या.

या पाटीला 'छापील' म्हणतात, त्याला कारण आहे. तिचा जनक मानला जाणारा पॉल आयस्लर हा १९०७ साली व्हिएन्नात जन्मलेला ज्यू अभियंता. मायदेशी वातावरण प्रतिकूल होत गेल्यावर १९३६ साली तो इंग्लंडला गेला. व्हिएन्नात असताना त्याचा छपाईच्या व्यवसायाशी संबंध आला होता. छपाईचा ठसा करताना धातूचा नको असलेला भाग आम्लाने खाऊन टाकतात, हे त्याने पाहिले होते. तसेच तांब्याच्या पातळ पत्र्यावर हवा तेवढा भाग झाकून उरलेला रसायनाने काढून टाकला, तर तारांशिवाय जोडणी होईल, हा त्याचा विचार. लंडनमध्ये त्याने अशा मंडलावर चालणारा रेडिओ तयार केला आणि १९४३ साली पेटंटसाठी अर्ज केला. एका धंद्यातील युक्ती दुसऱ्या धंद्यात नेणाऱ्या माणसाच्या हातून हा शोध लागला, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

घरच्या घरी बोर्ड करण्याची रीत आयस्लरच्या त्याच कल्पनेवर चालते. जोडणीचा आराखडा संगणकावर काढावयाचा आणि लेझर प्रिंटरवर गुळगुळीत, चकचकीत कागदावर छापावयाचा. लेझर प्रिंटरची शाई ही द्रव शाई नसते. ती प्लॅस्टिकची अत्यंत बारीक पूड असते आणि प्रिंटरच्या आत साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअस उष्णतेने कागदावर वितळवून बसविली जाते. हा छापलेला कागद तांब्याचा थर असलेल्या स्वच्छ घासलेल्या पाटीवर पालथा ठेवून पुन्हा उष्णता व दाब दिला, की तीच पूड दुसऱ्यांदा मऊ होऊन तांब्याला चिकटते. मग पाटी पाण्यात भिजवून कागद अंगठ्याने हलके चोळून काढावयाचा. तांब्यावर काळ्या रेषा उरतात. पाटी फेरिक क्लोराइडच्या द्रावणात ठेवली, की उघडे तांबे विरघळून जाते आणि काळ्या रेषांखालचे तांबे सुरक्षित राहते. शेवटी थिनरने काळी पूड पुसून, एक मिलिमीटर किंवा त्याहून बारीक छिद्रे पाडून भाग बसवावयाचे.

ज्यांनी जुन्या छापखान्यात खिळे जुळवणारा कारागीर पाहिला असेल, त्यांना यातील एक खुबी चटकन कळेल. खिळ्यावरील अक्षर उलटे असते, म्हणून कागदावर ते सुलटे उमटते. येथेही कागदावरील चित्र तांब्यावर उतरताना आरशातल्यासारखे फिरते. आराखडा कोणत्या बाजूने पाहून काढला आहे, याचे भान ठेवूनच तो छापावा लागतो. हे भान सुटले, तर सारी मेहनत करून तयार झालेल्या पाटीत डावे उजवे होऊन बसते.

उष्णता आणि दाब देण्यासाठी पुष्कळ जण कपड्यांची इस्त्री वापरतात. पण इस्त्रीचा दाब हातागणिक बदलतो. मध्यभागी रेषा पसरतात आणि कडेला त्या चिकटतच नाहीत. लॅमिनेशनच्या यंत्रात दोन तापलेले रूळ असतात. ते पाटीच्या प्रत्येक भागाला सारखा दाब व सारखी उष्णता देत जातात. म्हणून हे यंत्र या कामी इस्त्रीहून सरस ठरते. मात्र ते या कामासाठी बनविलेले नसते, आणि खरे शिक्षण येथूनच सुरू होते.

पहिली अडचण जाडीची. लॅमिनेशनचे सर्वसाधारण आवरण मिटल्यावर पाव मिलिमीटरच्या आसपास जाड असते. बाजारातील नेहमीची सर्किटची पाटी १.६ मिलिमीटर जाड असते. ती काही यंत्रांच्या रुळांत शिरतच नाही. दुसरी अडचण उष्णतेची. घरगुती यंत्राचे रूळ आवरणातील गोंद वितळण्यापुरते, म्हणजे साधारण १०० ते १४० अंशांपर्यंत तापतात. प्रिंटरच्या पुडीला तांब्याशी घट्ट चिकटण्यास याहून अधिक उष्णता हवी, आणि तांबे व जाड पाटी मिळून रुळांची उष्णता झपाट्याने ओढून घेतात. तिसरी अडचण वेगाची. पाटी रुळांतून इतक्या लवकर बाहेर येते, की पूड मऊ होण्यास पुरेसा वेळच मिळत नाही.

या तीन अडचणींवर उपायांच्याही तीन पायऱ्या आहेत आणि त्या चढत्या क्रमाने अवघड होत जातात. पहिल्या पायरीवर यंत्राला हातही लावावा लागत नाही. पातळ, म्हणजे ०.८ मिलिमीटरची पाटी घ्यावी, ती आधी थोडी तापवून घ्यावी आणि एकदाच न घालता आठ-दहा वेळा रुळांतून फिरवावी. पुष्कळ यंत्रांत एवढ्यानेही काम भागते. दुसरी पायरी वेग कमी करण्याची. येथे एक गंमत आहे. पंख्याच्या रेग्युलेटरप्रमाणे वीजदाब कमी करून रूळ सावकाश फिरवता येतील, असे कोणालाही वाटते. परंतु अनेक घरगुती यंत्रांतील मोटार विजेच्या ५० हर्ट्झच्या तालावर फिरणारी असते. दाब कमी केल्याने तिची गती बदलत नाही, एका मर्यादेनंतर ती फक्त थांबते. म्हणून अशा यंत्रात एक तर अधिक मंद गतीची दाते असलेली मोटार बसवितात, किंवा मोटारीचा वीजपुरवठा ठरावीक क्षणांनी चालू-बंद करून रूळ टप्प्याटप्प्याने पुढे सरकवितात. तिसरी पायरी उष्णतेची. ठरावीक तापमानाला वीज तोडणारी दोन धातूंची एक लहान चकती यंत्रात असते. तिच्या जागी अधिक तापमानाची चकती, किंवा त्याहून चांगले म्हणजे तापमान मोजून त्यानुसार वीज देणारा नियंत्रक बसवितात.

या तिसऱ्या पायरीवर एक रेघ ओढली पाहिजे आणि ती कोणीही ओलांडता कामा नये. यंत्रात तापमानाच्या चकतीखेरीज उष्णतेने वितळून वीज कायमची तोडणारा आणखी एक सुरक्षा-फ्यूज असतो. तो काढून थेट तार जोडणे म्हणजे आगीला निमंत्रण होय. तापमान वाढवावयाचे असेल, तर त्या तापमानास साजेसा नवा सुरक्षा-फ्यूज बसविलाच पाहिजे. शिवाय रूळ सिलिकॉन रबराचे असल्याने उष्णता सोसतात, पण यंत्राची प्लॅस्टिकची पेटी व दाते ती सोसतीलच असे नाही. काचतंतूंच्या पाटीतील राळही १३० ते १४० अंशांच्या पुढे मऊ होऊ लागते. काही क्षणांची अधिक उष्णता पाटी सहन करते, परंतु मर्यादा सोडून तापविल्यास तिचे थर सुटतात. एकदा असा फेरफार केलेले यंत्र पुन्हा ओळखपत्रांसाठी वापरू नये. त्याच्यावर तशी पाटी लावावी. २३० व्होल्टच्या विजेशी संबंध असलेले प्रत्येक काम वीज तोडून आणि जाणत्या तंत्रज्ञाच्या हातूनच व्हावे. विद्यार्थ्यांनी ते पाहावे, समजून घ्यावे, आकृती काढावी आणि पहिल्या पायरीवरील काम स्वतः करावे.

आता मुख्य प्रश्न. एवढा खटाटोप करून विद्यार्थ्याच्या पदरात काय पडते? एक ओबडधोबड पाटी पडते, जी कारखान्यात याहून कितीतरी सुबक होते. परंतु त्या पाटीमागे त्याने उष्णतेचे वहन पाहिलेले असते, द्रावण धातूला कसे विरघळविते ते पाहिलेले असते, विजेची वारंवारता ही केवळ पुस्तकातील संख्या नसून मोटारीच्या गतीचा लगाम आहे, हे त्याला कळलेले असते. रेषा तुटली, तर का तुटली, हे शोधण्यास तो मागे जातो. तांबे नीट घासले नव्हते का, पाटी गार होती का, कागद लवकर ओढला का? प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्याच दुपारी पुन्हा करून पाहता येते. परीक्षेतील चूक महिन्याभराने लाल शाईत कळते आणि तेथेच राहते. येथील चूक अर्ध्या तासात डोळ्यांना दिसते आणि दुसऱ्या प्रयत्नात दुरुस्त होते. विज्ञान शिकण्याची याहून प्रामाणिक रीत मला ठाऊक नाही.

हे सांगताना नायगावचा विचार मनात येणे अपरिहार्य आहे. या परिसराचे जीवन पिढ्यान् पिढ्या गिरणीच्या भोंग्यावर चालले. मुंबई सरकारच्या विकास खात्याने १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींपैकी ४२ चाळी नायगावात होत्या. त्यांतील १६० चौरस फुटांच्या खोल्यांतून कामगारांच्या पाळ्या गिरण्यांकडे निघत. या गिरण्यांत सर्वांना सर्व यंत्रे खुली नव्हती. विणाईच्या, म्हणजे साचेखात्यात पगार अधिक. पण धोट्यात नवी कांडी घातली, की दोरा तोंडाने ओढून छिद्रातून बाहेर काढावा लागे, आणि तोच धोटा पुढे दुसऱ्याच्या हाती व तोंडी जाई. एवढ्या कारणावरून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साचेखात्याचे दार बंद ठेवण्यात आले होते. १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठामपणे मांडला. त्या प्रश्नाच्या मुळाशी पगार तर होताच. पण कोणत्या यंत्रापर्यंत कोणाचा हात पोहोचावा, हे जन्मावरून ठरावे काय, हाही त्याच्या मुळाशी होता.

आज तशी बंदी कोणी घालीत नाही, घालूही शकत नाही. परंतु बंदी नसणे आणि प्रवेश असणे यांत मोठे अंतर आहे. आपल्या मुलांच्या हाती मोबाइल आला, शाळेत संगणक आले. मुले ही यंत्रे सफाईने वापरतात. त्यांच्या आत मात्र त्यांचा हात जात नाही. ज्या घरी वडील किंवा काका अभियंता आहेत, एक मोकळी खोली आहे, हत्यारांची पेटी आहे, तेथील मूल दहाव्या वर्षी रेडिओ उघडून बसते आणि बिघडविला तरी कोणी रागे भरत नाही. ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि तो दुरुस्त करण्यास पैसे नाहीत, तेथे यंत्र उघडणे हा गुन्हा ठरतो. पुढे अभियांत्रिकी महाविद्यालयात ही दोन मुले एकाच बाकावर बसतात, तेव्हा त्यांच्यातील फरक गुणांचा असतोच असे नाही. एकाच्या हाताला यंत्राची ओळख असते, दुसऱ्याच्या हाताला ती नसते. ही ओळख करून देण्याचे काम घर करू शकत नसेल, तर ते शाळेने केले पाहिजे, आणि निवासी शाळेने तर प्रथम केले पाहिजे, कारण तिचे विद्यार्थी संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशीही तिच्याच छताखाली असतात.

पाहून शिकणे आणि हाती आलेल्या साधनात फेरफार करणे ही मुंबईला नवी गोष्ट नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गणपत कृष्णाजी या मुंबईकराने अमेरिकन मिशनच्या छापखान्यातील काम पाहून स्वतः लाकडी यंत्र तयार केले, शाई स्वतः बनविली आणि मराठी पुस्तके व पंचांगे छापली. मुद्रणाचे शास्त्र शिकविणारी शाळा त्या काळी त्यांच्यासाठी नव्हती. त्यांच्यापाशी निरीक्षण होते आणि पुन्हा पुन्हा करून पाहण्याची चिकाटी होती. मराठी मुद्रणाच्या इतिहासात त्यांचे नाव राहिले ते याच कारणाने.

आपल्या काळातील उदाहरण पुणे जिल्ह्यातील पाबळचे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन आणि मोठ्या कंपनीत संशोधन करून आलेल्या या शास्त्रज्ञाने शाळेत न रमलेल्या ग्रामीण मुलांना आपले विद्यार्थी मानले. वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीजकाम प्रत्यक्ष करीत त्यातूनच विज्ञान शिकावयाचे, ही त्यांची पद्धत. पुढे २००२ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या सहकार्याने 'फॅब लॅब' ही संगणकावर चालणाऱ्या लहान यंत्रांची कार्यशाळा पाबळला उभी राहिली. अमेरिकेबाहेरील अशा पहिल्या कार्यशाळांत तिची गणना होते. फॅब लॅबमध्ये सर्किटची पाटी सहसा बारीक पात्याने तांबे कोरून करतात, रसायनाने नव्हे. पद्धत वेगळी असली, तरी विश्वास तोच आहे. खेड्यातल्या मुलालाही सर्किट बोर्ड विकत आणण्याऐवजी करून पाहता आला पाहिजे, हा तो विश्वास.

सरकारनेही या दिशेने पाऊल टाकलेले आहे. २०१६ साली सुरू झालेल्या अटल इनोव्हेशन मिशनखाली सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी शाळांत अटल टिंकरिंग लॅब स्थापण्यास २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. पात्र शाळांनी त्याचा लाभ जरूर घ्यावा. मात्र तयार संच आणून, तारा खोचून दिवा लावला की काम झाले, अशी समजूत जेथे होते, तेथे प्रयोगशाळा असूनही यंत्राचे झाकण मिटलेलेच राहते. संच ही सुरुवात आहे. आपण काढलेल्या आराखड्याची, आपल्या हातांनी केलेली पाटी ही त्यापुढची पायरी होय, आणि ती चढण्यास लाखांची नव्हे, काही हजारांची गरज आहे.

या सूचनेवर काही आक्षेप येतील. त्यांतील तिन्हींचा विचार करणे योग्य ठरेल. पहिला आक्षेप असा, की आज आराखडा पाठविला, तर कारखान्यातून सुबक, दोन्ही बाजूंनी छापलेले बोर्ड काही दिवसांत घरपोच येतात. मग हे कष्ट कशाला? हे खरे आहे. विक्रीसाठी किंवा कायम वापरासाठी बोर्ड करावयाचा असेल, तर कारखान्याकडूनच घ्यावा. हाताने केलेल्या पाटीत रेषा एका मर्यादेपलीकडे बारीक होत नाहीत, आणि अनेक थरांची पाटी तर होतच नाही. परंतु बाजारात पोळ्या विकत मिळतात, म्हणून कणीक मळणे कोणी शिकूच नये, असे आपण म्हणत नाही. ज्याने एक पाटी स्वतः केली, त्याला कारखान्याकडे पाठविण्याचा आराखडाही चांगला काढता येतो. रेषेला रुंदी का हवी आणि दोन रेषांत अंतर का हवे, हे त्याच्या बोटांना ठाऊक असते.

दुसरा आक्षेप अभ्यासाचा. दहावीचे वर्ष तोंडावर असताना मुलांनी यात वेळ घालवावा काय? आपल्या पालकांची ही काळजी मी हलकी मानीत नाही. गुणांच्या आधारावरच आपल्या अनेक मुलांना पुढची दारे उघडली आहेत. म्हणून हे काम आठवी व नववीच्या विद्यार्थ्यांसाठी, आठवड्यातून एक शनिवार दुपार इतकेच असावे. हाताच्या कामाविषयी आपल्या मनात जी अढी आहे, तिचाही येथे उल्लेख केला पाहिजे. कष्टाची कामे लादली गेलेल्या घरांनी आपल्या मुलाच्या हाती लेखणीच यावी, अशी इच्छा धरणे स्वाभाविक आहे. पण डाख देण्याचे, म्हणजे सोल्डरिंगचे, हत्यार हाती धरणारा मुलगा लेखणी खाली ठेवीत नाही. जो विचार करतो त्याने काम करावयाचे नाही आणि जो काम करतो त्याने विचार करावयाचा नाही, ही विभागणी या देशाने फार काळ सोसली. एकाच मुलाच्या ठायी विचार आणि हात एकत्र येणे, हाच तिच्यावरचा उतारा आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. उष्णता, वीज आणि रसायन ही तिन्ही मुलांच्या जवळ आणावयाची काय? वसतिगृहातील मुले ही पालकांनी विश्वासाने सोपविलेली ठेव असते. म्हणून नियम लेखी असावेत आणि ते शिक्षकांनाही लागू असावेत. वीजजोडणीवर गळतीच्या वेळी वीज तोडणारा सुरक्षा-स्विच असावा. अर्थिंग तपासलेले असावे. डोळ्यांना चष्मा आणि हातांत मोजे असल्याशिवाय द्रावणाच्या ट्रेजवळ कोणी जाऊ नये. ट्रे धातूचा नसावा. डाख देताना खिडक्या उघड्या असाव्यात, शिसेविरहित डाख वापरावा आणि काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत. आणि वापरलेले फेरिक क्लोराइड मोरीत कधीही ओतू नये. त्यात विरघळलेले तांबे पाण्यातील जिवांना घातक असते, आणि द्रावण धातूच्या नळांनाही खाते. ते द्रावण बाटलीत साठवावे. निकामी झाले, की धुण्याचा सोडा थोडा थोडा घालून त्यातील तांबे गाळाच्या रूपाने खाली बसवावे आणि तो गाळ घातक कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडेच द्यावा. आपण बनविलेल्या वस्तूचा शेवटचा थेंब कोठे जातो, याची जबाबदारी घेणे हाही याच धड्याचा भाग आहे. गटारात उतरून दुसऱ्यांची घाण काढण्याची सक्ती ज्यांच्या वाट्याला आली, त्यांच्या वेदना जाणणाऱ्या समाजाला हे अधिक सांगावयास नको.

हे सारे घरी होऊ शकणार नाही, हेही उघड आहे. १६० चौरस फुटांत पाच-सात माणसे राहत असताना तेथे रसायनाचा ट्रे कोण मांडणार? बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू आहे आणि त्यात रहिवाशांसाठी ५०० चौरस फुटांची घरे आहेत. ही मोठीच गोष्ट आहे. तरीही उंच इमारतीतील घर हे कार्यशाळा होऊ शकत नाही, आणि होऊही नये. शाळेची एक खोली मात्र होऊ शकते. सामान मिळविण्यासही लांब जावे लागत नाही. दादरहून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोडला उतरावे. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, म्हणजे आपल्या जुन्या लॅमिंग्टन रोडवर, तांब्याची पाटी, द्रावणाची पूड, बारीक पाती आणि सुटे भाग सारे काही मिळते. मुलांना एकदा शिक्षकांसोबत तेथे नेणे हाही एक धडाच ठरेल.

म्हणून माझी सूचना थोडक्यात अशी. शाळेने एक हवेशीर खोली राखून ठेवावी. कार्यालयातील यंत्राला हात न लावता लॅमिनेशनचे एक वेगळे यंत्र केवळ या कामासाठी घ्यावे. पहिले वर्ष त्यात कोणताही फेरफार न करता पातळ पाटी अनेक वेळा फिरवूनच काम करावे. दुसऱ्या वर्षी जाणत्या तंत्रज्ञाच्या हातून, विद्यार्थ्यांच्या समोर, वेग व तापमानाचा फेरफार करून घ्यावा. पहिला बोर्डही उपयोगाचाच असावा. वसतिगृहाच्या छतावरील पाण्याची टाकी भरली, की वाजणारा लहानसा भोंगा दोन-तीन ट्रान्झिस्टरांत आणि बॅटरीवर तयार होतो. त्यात विजेचा धोका नाही. टाकी ओसंडून पाणी वाया जाणे हा तर मुंबईतील प्रत्येक इमारतीचा अनुभव. मुलांनी केलेला तो भोंगा ज्या दिवशी वाजेल, त्या दिवशी पाणीही वाचेल आणि आपण केलेली वस्तू लोकांच्या उपयोगी पडते, हे मुलांना कोणी सांगावे लागणार नाही.

या शाळेतून बाहेर पडलेले कितीतरी जण आज रेल्वेत, वीज मंडळात, दूरसंचार खात्यात, माहिती-तंत्रज्ञानाच्या कंपन्यांत काम करीत असतील. शाळेला देणगी देण्याची त्यांची इच्छा असते आणि ती ते देतातही. माझी त्यांना विनंती एवढीच आहे, की देणगीच्या पावतीबरोबर वर्षातील चार शनिवारही शाळेला द्यावेत. खोली, यंत्र आणि पाटी यांची व्यवस्था पैशाने होईल. परंतु यंत्राचे झाकण उघडताना मुलाच्या शेजारी उभे राहून "घाबरू नकोस, आधी वीज काढ, मग उघड" असे सांगणारे माणूस पैशाने आणता येत नाही. ते माणूस आपल्यातूनच यावे लागेल.